शोभारोगाचं प्रदर्शन

१ नोव्हेंबर १९३८, मंगळवार. निपाणी.

संताप. दुसरा शब्द नाही.

दिवाळी सरून आठवडा झाला तरी सुबरावांचं फराळाचं बोलावणं आलं. तंबाखूची वखार जुनी, घर नवं. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. चिनी मातीचा कुत्रा, जीभ बाहेर काढलेला. काचेच्या घुमटात मेणाची द्राक्षं. भिंतीवर लक्ष्मीचं छापील चित्र. तिच्या लुगड्याला खरी जर चिकटवलेली आणि नाकात खरी नथ, कागदाला भोक पाडून. घड्याळातून दर पंधरा मिनिटांनी लाकडी कोंबडा बाहेर येतो. मी होतो तेवढ्यात तीनदा आला. प्रत्येक वेळी सुबराव कोंबड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. मला आनंद झाला का ते बघायला.

फराळ न करता उठलो. (चकल्या दोन खाल्ल्या. पण रागानं.)

या गावाला रोग झाला आहे. परत येताना वाटेत त्याला नाव सुचलं: शोभारोग. साध्या वस्तूला टिकली लावायची, टिकलीला झालर लावायची आणि मग झालरीकडे बघून डोळे ओले करायचे. इंग्रजीत यावर ग्रंथ असतील. मराठीत मी पहिलाच.

संकल्प: निपाणीची टेस्ट सहा महिन्यांत सुधारायची. नेट लावला तर चार.

२ नोव्हेंबर, बुधवार.

सौ.ला शोभारोग समजावून सांगितला. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत असताना माझ्या मागे आमच्याच दारावर तिनं लोकरीनं भरलेलं ‘वेलकम’ लटकत होतं. दोन बाजूंना दोन पोपट, एकाचा डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. लग्न झालं त्या वर्षी तिनं ते भरलं. आठ वर्षं मी त्याखालून वाकून जातो आहे.

आम्ही दोघंही शहापूरच्या विणकरांच्या घरातले. आप्पांनी जन्मभर लुगड्यांच्या काठांवर पोपटच विणले. मी त्यातून सुटलो, ड्रॉइंगच्या दोन्ही ग्रेड परीक्षा पास झालो (इंटरमिजिएटला दुसऱ्या खेपेस, पहिल्या खेपेचा परीक्षक जुन्या वळणाचा होता), शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि घरात शिरतो तर दारावर पोपट.

शुद्ध कला कशी असते ते दाखवायला सौ.ला माझं ‘शरदरात्र’ पुन्हा दाखवलं. तळं, पूर्ण चंद्र, पाण्यात दोन हंस, पायरीवर तरुणी, तिच्या मांडीवर हरणाचं पाडस, गालावर एकच अश्रू. त्या अश्रूला मला चार दिवस लागले. चौकट सोनेरी आहे, पण ती कामापुरती.

सौ.नं विचारलं, ती बाई रडती कशापायी. मी म्हटलं, कलेत असं विचारत नाहीत. ती म्हणाली, बरं, आणि तांदूळ पाखडायला घेतले.

अडाणीपणाचं मूळ घरातच आहे.

४ नोव्हेंबर, शुक्रवार.

उपाय सापडला. लेक्चर देऊन उपयोग नाही. या लोकांना डोळ्यांनी दाखवलं पाहिजे. घराघरांतून शोभारोगाचे नमुने गोळा करायचे, शाळेच्या हॉलमध्ये मांडायचे, प्रत्येकाखाली रोगनिदानाचं कार्ड. शेवटी एका भिंतीवर एकटंच ‘शरदरात्र’, तुलनेसाठी. माणूस आत येईल तो रोगी म्हणून, बाहेर पडेल तो बरा होऊन.

हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी विचारलं कसलं प्रदर्शन. मी म्हटलं, गृहशोभेच्या वस्तूंचं. यात खोटं काही नाही. पुढचं त्या दिवशी कळेलच. हेडमास्तर खूश झाले. म्हणाले, चौदा तारखेला सोमवारी बेळगावचे शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येणार आहेत, त्यांनाही दाखवू. तो रविवार-सोमवार हॉल मिळाला.

डेप्युटीसाहेब शिकलेले गृहस्थ आहेत. म्हणजे या गावात निदान एक माणूस तरी मला समजेल, आणि तोही बेळगावहून येईल. निपाणीची हीच दशा आहे.

६ नोव्हेंबर, रविवार.

दिवसभर वस्तू गोळा केल्या. चीड याची आली की कोणी नाही म्हणालं नाही.

माझी तयारी होती. ‘कलेसाठी त्याग करा’ असं एक वाक्य योजून ठेवलं होतं. ते कोणी बोलूच दिलं नाही. मागितलं की लोक पदरानं पुसून हातात देत होते. सुबरावांनी कोंबड्याचं घड्याळ स्वतः उतरवलं. कुत्रा आणि मेणाची द्राक्षंही न्या म्हणाले. नथवाली लक्ष्मी तेवढी शुक्रवारपर्यंत ठेवतो, पूजा झाली की आमचा गडी आणून देईल. शिंपल्यांचा ताजमहाल आला. मँचेस्टरच्या कापडाच्या गाठीवरचं छाप-चित्र आलं, हत्तीवर बसलेली मडम, तिला हळदकुंकू वाहिलेलं. चहाच्या डब्यावरचे बादशहा आले. एका बाईनं सेल्युलॉइडचा हंस दिला आणि म्हणाली, मास्तर, पाण्यात सोडला तर पवतो, तशी सोय करा.

मी तसं करणार नाही. (बादली लहान पडेल.)

८ नोव्हेंबर, मंगळवार.

सर्वांत जहाल नमुना आज मिळाला, आणि तोही शेजारी.

अंबुबाई आमच्या भिंतीपलीकडे राहते. वखारीत तंबाखू निवडायला जाते. वय पन्नाशीचं. नवरा पलटणीत होता, मागच्या लढाईत बसऱ्याला गेला, आला नाही. तिच्या खोलीत देव्हाऱ्याच्या बाजूला काचेत घातलेला रेशमी रुमाल आहे. निळं साटिन, त्यावर लालभडक गुलाब, दोन बावटे, एक आगबोट, आणि खाली भरतकामात इंग्रजी अक्षरं: फर्गेट मी नॉट. कडेनं झालर. एका हातभर कापडात शोभारोगाची सगळी लक्षणं.

तो नवऱ्यानं तिकडच्या बाजारातून पाठवलेला. तिनं सांगितलं, रुमाल आला आणि महिन्यानं सरकारी कागद आला. मी विचारलं, खाली काय लिहिलंय ठाऊक आहे का. ती म्हणाली, व्हय की, ‘मी खुशाल हाय’. पलटणीतल्या एका पेन्शनवाल्यानं तिला तसं वाचून दाखवलं होतं.

बावीस वर्षं. मला त्या पेन्शनवाल्याचा राग आला, गिऱ्हाईक बघून बाजारू वाक्यं विणणाऱ्या कारखान्याचा राग आला, आणि ते काचेत घालून समोर उदबत्ती लावणाऱ्या अंबुबाईचाही. पण मी नुसता रुमाल मागितला. दुरुस्ती शास्त्रोक्त पद्धतीनं व्हावी. कार्डावर खरा अर्थ लिहीन.

देताना तिनं रुमाल दोन वेळा हातात घेतला आणि दोन वेळा परत ठेवला. तिसऱ्यांदा दिला. म्हणाली, ऊन लागू देऊ नका.

११ नोव्हेंबर, शुक्रवार.

कार्डं लिहून झाली. अक्षर उत्कृष्ट आलं आहे. कोंबड्याखाली: ‘शोभारोगाचा अतितीव्र नमुना’. ताजमहालाखाली: ‘समुद्राचा आणि शहाजहानचा एकाच वेळी अपमान’. अंबुबाईच्या रुमालाखाली: ‘फर्गेट मी नॉट, म्हणजे मला विसरू नकोस. असली बाजारी भावना हजारोंच्या संख्येनं विणून शिपायांना विकतात. खऱ्या भावनेला झालर लागत नाही.’

शेवटचं वाक्य स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. इतकं चांगलं वाक्य या गावासाठी वाया जाणार.

एक अडचण होती. ‘वेलकम’चा नमुना नव्हता आणि त्याशिवाय प्रदर्शन अपुरं. सौ. विहिरीवर गेली होती. दारावरचं काढून हॉलमध्ये नेलं. कार्ड: ‘विषम डोळ्यांचे पक्षी’. नाव घातलं नाही. कलेत नातं नसतं. शिवाय दोन दिवसांचाच प्रश्न आहे; तिच्या लक्षातही येणार नाही.

दुपारी लक्षात आलं. कुठं गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, झटकायला दिलंय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली की लोकांत शोभा करून घेऊ नका म्हणजे झालं. शब्द कुठून उचलला कोण जाणे.

१३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.

आज गावाचे डोळे उघडतील. काही लोक चिडतील, काही कदाचित अंगावर येतील. मी शांत राहीन. सुबराव सगळ्यांत जास्त दुखावतील. त्यांच्यासाठी दोन मऊ वाक्यं तयार ठेवली आहेत.

त्याच दिवशी. सायंकाळी ७.

हॉल फुटेल इतकी गर्दी. वखारीतल्या बायका लुगडी बदलून आल्या. चिकोडीकडून दोन गाड्या आल्या. आणि एकही माणूस चिडला नाही.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी कार्डांकडे बघितलं नाही. ज्यांना येत होतं त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली. ‘शोभा’पर्यंत वाचून सगळ्यांचं समाधान होत होतं. सुबराव कोंबड्याखालचं कार्ड तीनदा वाचून माझ्याकडे आले. मी मऊ वाक्यं तोंडात घोळवली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, एवढ्या वस्तू मांडल्यात पण ‘अतितीव्र’ फक्त आमच्याच घड्याळाला लावलंत. खरं सांगा मास्तर, म्हणजे फर्स्ट क्लासच ना?

मी मान डोलावली. लोक बघत होते.

चार वाजता लेक्चर दिलं. विषय ‘कला आणि कचरा’. मी म्हटलं, या कुत्र्याकडे पाहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, या मेणाच्या द्राक्षांत प्राण आहे का? एकजण म्हणाला, खरी असती तर कवाच खाल्ली असती. त्यावर आणखी टाळ्या. घसा बसेपर्यंत ओरडलो. हेडमास्तर आभार मानताना म्हणाले की परशराम मास्तरांनी गावातलं सौंदर्य एका छपराखाली आणलं.

‘शरदरात्र’समोर गर्दी बरी होती. कार्डावर मी फक्त ‘तुलनेसाठी’ एवढंच लिहिलं होतं. नाव नाही, सही नाही. कलावंतानं मागं राहावं.

मग सौ. आली. मी तिला येऊ नकोस म्हटलं होतं. ती पोपटांपुढे उभी राहिली. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकली आहे. कार्ड वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, तुझंच न्हवं ग हे? सौ. न्हाय म्हणाली. पदर सारखा केला आणि गेली.

हे सगळं मी व्यासपीठावरून बघितलं. उतरायला वाट नव्हती. (डाव्या बाजूला होती. ती मागाहून लक्षात आली.)

अंबुबाई शेवटी आली, वखार सुटल्यावर. तिनं एका मुलीला कार्ड वाचायला लावलं. मुलगी अक्षर जोडून जोडून वाचत होती आणि मी दहा पावलांवर होतो. ‘मला विसरू नकोस’ वाचलं तेव्हा अंबुबाईनं तिला थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. मग पुढचं, हजारोंचं, झालरीचं.

वाटलं, आता तरी एका माणसाचे डोळे उघडले. मी पुढं झालो. ती माझ्याकडे वळून सावकाश म्हणाली, “हजारो धाडली असतील मास्तर. माझ्याकडं एकच आलं.”

यावर उत्तर आहे. कलेच्या दृष्टीनं अगदी साधं उत्तर आहे. त्या वेळी गलका फार होता म्हणून सुचलं नाही.

अजून सुचलेलं नाही. गलका कानात राहिला आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार.

हे लिहू नये असं वाटतं, पण रोजनिशी मी माझ्यापुरती लिहितो.

डेप्युटीसाहेब दहाला आले. पहिलंच कार्ड वाचलं आणि हसले. दुसरं वाचलं आणि आणखी हसले. कळलं. अख्ख्या तालुक्यात एका माणसाला कळलं. ताजमहालापाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, मास्तर, हे मुंबईला झालं असतं तर पेपरात आलं असतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रविवारचा सगळा राग निवळला.

मग ते शेवटच्या भिंतीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. पाडस, हंस, चंद्र, सोनेरी चौकट. कार्ड वाचलं. मी शेजारी हात बांधून उभा. ते हसायला लागले आणि त्यांना थांबवेना.

म्हणाले, “मास्तर, हा तर सगळ्यांचा बादशहा. तुलनेसाठी, म्हणजे बाकीचे याच्यापुढं फिके. कुठं सापडला हो?”

हेडमास्तरांना चित्र कोणाचं ते ठाऊक आहे. ते जमिनीकडे बघत होते.

मी म्हटलं, कोल्हापुरास एका लिलावात मिळालं.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं: ‘कल्पना अभिनव. विशेषतः शेवटचा नमुना निवडणाऱ्याची दृष्टी वाखाणण्याजोगी.’

खरं सांगितलं असतं तर साहेबांची पंचाईत झाली असती. पाहुण्याची पंचाईत करू नये, एवढाच हेतू होता. आणि दृष्टी वाखाणण्याजोगी आहे असं त्यांनी लेखी दिलंच आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.

डेप्युटीसाहेब अर्धशिक्षित आहेत. इंग्रजी वाचलं की असं होतं. अश्रूकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

राजीनामा लिहिला. अक्षर उत्तम आलं. नेऊन द्यायला गेलो तर हेडमास्तर म्हणाले, कमिटीनं ठरवलंय, दरवर्षी दिवाळीनंतर ‘गृहशोभा प्रदर्शन’ भरवायचं, चिटणीस तुम्ही. राजीनामा खिशातच राहिला. शाई ओली होती, डाग पडला असता.

‘शरदरात्र’ जाळायचं ठरवलं. परसात नेलं. वारा फार होता, शेजारी कडब्याची गंजी. परत आणलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे.

सौ. बोलत नाही. म्हणजे बोलते: भाकरी वाढू का, पाणी काढलंय, एवढं. मला ही शांतता चालते. वाचन होतं.

(वाचन झालं नाही.)

१७ नोव्हेंबर, गुरुवार.

वस्तू परत केल्या. अजून राग येतो तो हा, की कोणाला काहीही झालेलं नाही. हंसवालीनं तो पवला का म्हणून विचारलं. बादशहांच्या डब्यात चहा भरून टाकला. सुबरावांनी माझं कार्ड ठेवून घेतलं होतं; आज गेलो तर ते काचेत घालून, सोनेरी पट्टी मारून, घड्याळाखाली लावलेलं. कोंबडा बाहेर येतो आणि खाली माझ्या अक्षरात ‘शोभारोगाचा अतितीव्र नमुना’. सुबरावांनी पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं.

चिडायला हवं होतं. त्यांचं तोंड इतकं उजळलेलं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. चकल्या उरल्या होत्या, त्या खाल्ल्या.

घरी ‘वेलकम’ सौ.पुढे ठेवलं. म्हटलं, लावू का दारावर, मी खिळा मारतो. तिनं त्यावरची हॉलची धूळ हातानं झाडली. म्हणाली, “मला सांगितलं असतं तर धुऊन दिलं असतं.”

घडी घालून ट्रंकेत ठेवलं. दार आता साधं दिसतं. मला हवं होतं तसं. जाताना अजून वाकतो.

२० नोव्हेंबर, रविवार.

रुमाल तेवढा राहिला होता. तीन दिवस टाळला. सौ.नं आज तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, जाऊन या.

क्षमा मागायला नव्हे, भूमिका स्पष्ट करायला गेलो. पाच वाक्यं तयार केली होती. भावना खरी असू शकते आणि वस्तू तरीही वाईट असू शकते, असा मुद्दा होता. अंबुबाईनं चटई टाकली, गूळपाणी दिलं. मी पहिलं वाक्य काढलं तर ती म्हणाली, मास्तर, मीच येणार हुते तुमच्याकडं. तुमचे उपकार झाले.

मला वाटलं, टोमणा. तसं नव्हतं. रुमाल तिनं जागेवर लावला, काच पदरानं पुसली आणि भिंतीकडे बघतच बोलली.

“बावीस वर्सं माझा राग हुता त्येच्यावर. म्हणायची, परमुलखातनं लिवतोस आणि काय तर, मी खुशाल हाय. माझी विचारपूस न्हाय, चार सबूद न्हाईत. आणि वर मरून गेलास. उदबत्ती लावायची तीबी रागानंच. तुमी खरं वाचलासा. त्येनं माझ्यासाठीच लिवलं हुतं.”

त्यानं लिहिलं नव्हतं. कारखान्यात विणलेलं होतं, आणि त्यालाही इंग्रजी येत नसणार. लाल रंग बघून उचलला असेल. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. गूळपाणी पिऊन टाकलं.

तिला एक काम हवं होतं. तुमचं अक्षर बरं हाय, मराठीत लिवून द्या, रुमालाखाली लावते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळंल. घरून कार्ड, ब्रश, रंग घेऊन आलो. काळ्या शाईत लिहिलं: मला विसरू नकोस. साधं, सरळ, भरपूर मोकळी जागा सोडून. चांगलं दिसत होतं.

अंबुबाईला कोरडं वाटलं. बाजूनं गुलाब काढा की, म्हणाली, रुमालावर हायत तसले.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. मग ब्रश लाल रंगात बुडवला.

एक काढला. तिला एक पुरेना. चारी कोपऱ्यांत काढले. कोपरे सुटे दिसायला लागले म्हणून वेल काढून जोडले, वेलीला पानं, पानांना हिरव्यात पिवळं. ऊन दारातून बाहेर गेलं तरी मी तिथंच वाकून बसलेलो. मध्ये सौ. बोलवायला आली, बघत उभी राहिली आणि तीही बसली. डावीकडे एक कळी कमी आहे, म्हणाली. बरोबर होतं. काढली.

वेल जरा जास्तच झाली. अक्षरांवर येते आहे. एक बाजू पुसून टाकतो म्हटलं.

अंबुबाईनं पुसू दिली नाही.